ठणका थांबला, म्हणजे दाढ बरी झाली का?



पाड्यावर कोणी दाढ धरून आले, तर आधी तीन प्रश्न विचारा. गार पाण्याने कळ येऊन लगेच जाते का? तर कीड बहुधा वरवर आहे. दात भरून वाचतो. कळ बराच वेळ राहते, रात्री झोपू देत नाही? तर आतली नस सुजली आहे. चावताना दात वर आल्यासारखा लागतो, हिरडीवर फोड आहे? तर मुळाशी पू झाला असेल.

नस मेली की ठणका थांबतो. माणूस म्हणतो, "बरं वाटतंय, आता कशाला जायचं?" इथेच फसगत होते. पू आत राहतोच. मिश्रीने तो निघत नाही, गोळीनेही नाही. नस साफ करून दात भरावा लागतो, नाहीतर काढावा लागतो.

गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. श्वास कोंडून जीव जाऊ शकतो.

आपण डॉक्टर नाही. पण वेळेवर पाठवणे आपल्या हातात आहे.