सोनेरी कमानींचे स्मरणरंजन

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस डाउनी नावाचे एक गाव आहे. तेथे हमरस्त्याच्या कडेला हॅम्बर्गर विकणारे एक छोटे दुकान उभे आहे. लाल-पांढऱ्या फरशांच्या भिंती, उतरते छप्पर, आणि ते छप्पर भेदून दोन्ही बाजूंनी वर झेपावणाऱ्या दोन पिवळ्या कमानी. बाजूला साठ फूट उंचीचा निऑन दिव्यांचा फलक आणि त्यावर पळणारा एक चिमुकला आचारी. दुकान १९५३ सालच्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. आत बसून खायची सोय नाही. खिडकीपाशी उभे राहायचे, पैसे द्यायचे आणि पुडके घेऊन निघायचे. तरीही दूरदूरचे लोक ते पाहण्यासाठी मुद्दाम तेथे जातात. कोणी नातवंडांना घेऊन येते, कोणी छायाचित्र काढते, कोणी नुसतेच बघत उभे राहते.

एखाद्या मंदिरापुढे, किल्ल्यापुढे किंवा समाधीपुढे माणूस असा उभा राहिला तर आपल्याला नवल वाटत नाही. पण हॅम्बर्गरच्या दुकानापुढे? या दृश्याला हसून मोकळे होणे सोपे आहे. परंतु समाजाचे मन ओळखायचे असेल, तर तो समाज कशाच्या आठवणीने व्याकूळ होतो हे पाहावे लागते. आजचा विषय त्यासाठीच घेतला आहे.

इमारत हीच जाहिरात

या कथेचा प्रारंभ १९२१ साली कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात होतो. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ सालच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांतील किळसवाणी स्थिती चव्हाट्यावर आणली होती. खिम्याच्या पदार्थावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. अशा काळात वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्रम या दोघांनी 'व्हाइट कॅसल' नावाची दुकाने काढली. नाव 'पांढरा किल्ला', रंग पांढरा आणि आकार बुरुजांच्या गढीसारखा. शुभ्रता म्हणजे स्वच्छता आणि गढी म्हणजे टिकाऊपणा, हे ग्राहकाला न सांगता कळावे अशी ती योजना होती. पाच सेंटचा पदार्थ विकण्यासाठी इमारतीलाच बोलायला लावले गेले.

पुढे मोटारी वाढल्या. ताशी चाळीस-पन्नास मैलांच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला दुकानाची पाटी वाचायला फुरसत नसते. त्याला दुरूनच काहीतरी दिसले पाहिजे आणि त्याने वेग कमी केला पाहिजे. हॉवर्ड जॉन्सन यांच्या उपाहारगृहांनी त्यासाठी छपरे नारिंगी केली. लांबच्या प्रवासातील कुटुंबांना ते नारिंगी छप्पर दिसले की आता अठ्ठावीस प्रकारच्या आइस्क्रीमपैकी एक मिळणार, हे लेकरांना कळत असे. कॅलिफोर्नियात तर छपरे आकाशात झेपावू लागली, काचेच्या भिंती आल्या, अग्निबाणासारखे फलक आले. जॉन लॉटनर या वास्तुविशारदाने १९४९ साली बांधलेल्या 'गूगीज' नावाच्या कॉफीगृहावरून या शैलीला 'गूगी' हे नाव पडले. ते डग्लस हॅस्केल या समीक्षकाने १९५२ साली दिले, तेही उपहासाने! युद्ध जिंकलेल्या, पैसा हाती खुळखुळणाऱ्या, उद्याच्या विज्ञानयुगावर श्रद्धा असलेल्या राष्ट्राचा आत्मविश्वास त्या छपरांत उतरला होता.

मॅक्डोनाल्ड बंधू याच वातावरणातले. रिचर्ड आणि मॉरिस या भावांनी १९४८ साली सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या दुकानात मोजकेच पदार्थ ठेवले, वाढपी काढून टाकले आणि पंधरा सेंटला हॅम्बर्गर देण्यास सुरुवात केली. नव्या स्वयंपाकघराची आखणी त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूने केली. माणसे तेथे हालचाली करून दाखवत आणि त्यानुसार रेषा बदलत. कारखान्याची शिस्त भटारखान्यात आली ती अशी. त्या शिस्तीचे प्रतीक म्हणजे 'स्पीडी', तोच तो पळणारा आचारी. कमानींची कल्पना रिचर्ड यांची. त्यांना इमारतीत बसवले ते स्टॅनली मेस्टन या वास्तुविशारदाने.

नाव गेले, चेहरा गेला

पुढची कथा मात्र चटका लावणारी आहे. रे क्रॉक या विक्रेत्याने १९५५ साली शिकागोजवळ डे प्लेन्स येथे त्यांच्या नावाने दुकान काढले आणि १९६१ साली सत्तावीस लाख डॉलरांना भावांचा सारा व्यवसाय विकत घेतला. मूळ दुकान भावांकडे राहिले, पण त्यावर स्वतःचे आडनाव लावण्याचा अधिकार राहिला नाही. त्यांनी त्याचे नाव 'द बिग एम' केले. क्रॉक यांनी जवळच आपले दुकान थाटले आणि भावांचे दुकान बंद पडले. जन्माने मिळालेले नावही करारपत्रावर जाऊ शकते, हे त्या दोघांना उमगले तेव्हा फार उशीर झाला होता.

कर्नल सँडर्स यांचे तसेच. पांढरा सूट, पांढरी दाढी, काळा बो असा हा चेहरा कुणा चित्रकाराच्या कल्पनेतून आलेला नाही. हार्लंड सँडर्स हा हाडामांसाचा माणूस होता. केंटकीतील कॉर्बिन गावी पेट्रोलपंपाजवळ तो प्रवाशांना जेवू घालत असे. 'कर्नल' ही त्या राज्याच्या राज्यपालांनी दिलेली मानाची पदवी. नवा महामार्ग गावाला वळसा घालून जाणार असे ठरले आणि धंदा बसला. १९५६ साली, पासष्टी ओलांडल्यावर, सारे विकून तो आपली पाककृती घेऊन गावोगाव हिंडला. १९६४ साली त्याने कंपनी वीस लाख डॉलरांना विकली, तरी चेहरा म्हणून तो कंपनीसाठी फिरतच राहिला. पुढे मालकांनी रस्सा बिघडवला अशी तक्रार तो जाहीरपणे करी, पण ती ऐकणे मालकांवर बंधनकारक नव्हते. १९८० साली तो वारला. चेहरा मात्र अजून विकतो आहे.

रोनाल्ड या विदूषकाला तर कोणी माणूसच नव्हता. १९६३ साली वॉशिंग्टनमधील दूरचित्रवाणीवर विलर्ड स्कॉट या कलावंताने तो प्रथम साकारला. नाकाच्या जागी कागदी पेला आणि डोक्यावर टोपी म्हणून खाद्यपदार्थांचा ट्रे. लक्ष्य एकच होते, मूल. मूल हट्ट धरील आणि आई-बाप मागे येतील, हा हिशेब होता. आपल्याकडे शुभंकर या शब्दात शुभ आहे. या शुभंकरात शुभ किती आणि व्यापार किती, हा प्रश्न पुढे अमेरिकेतील पालकांनीच विचारला. २०१० साली त्याला निवृत्त करावे अशी मोहीम झाली आणि २०१६ नंतर तो हळूहळू पडद्याआड गेला.

कालची कुरूपता, आजचा वारसा

या इमारतींचे भाग्यही असेच पालटले. १९६० च्या दशकात अमेरिकेत रस्त्यांच्या विद्रूपीकरणाविरुद्ध ओरड सुरू झाली. १९६५ साली महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा झाला. भडक फलक आणि विचित्र आकार ही सुसंस्कृत माणसाला लाज आणणारी गोष्ट ठरली. कंपन्यांनी काळ ओळखला. कमानी उतरवल्या आणि त्यांचा केवळ 'एम' हा शिक्का उरला. विटांच्या भिंती आणि तपकिरी उतरती छपरे आली. १९७२ साली रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनॉर यांनी 'लर्निंग फ्रॉम लास व्हेगास' या ग्रंथातून रस्त्याकडेच्या या वास्तूंकडे गांभीर्याने पाहा, असे सांगितले. पण तोवर शेकडो इमारती पाडल्या गेल्या होत्या. खुद्द 'गूगीज' १९८९ साली भुईसपाट झाले.

डाउनीचे दुकान वाचले ते एका योगायोगाने. त्याच्या चालकांचा करार थेट भावांशी होता, क्रॉक यांच्या कंपनीशी नव्हता. म्हणून कंपनीच्या सुधारणा तेथे पोहोचल्याच नाहीत. १९९० साली ते कंपनीच्या ताब्यात आले. १९९४ च्या भूकंपानंतर कंपनीने ते बंद करून पाडण्याचा विचार केला, तेव्हा गावकरी आणि वारसाप्रेमी उभे राहिले. राष्ट्रीय वारसा न्यासाने त्याचा देशातील सर्वाधिक धोक्यातील अकरा स्थळांत समावेश केला. अखेर कंपनी नमली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तेच दुकान जसेच्या तसे पुन्हा उघडले.

इतरत्रही तसेच घडले. पिझ्झा हटची पहिली इमारत विचिटा येथील विद्यापीठाने आपल्या आवारात नेऊन जपली. कॉर्बिन येथील सँडर्सचे उपाहारगृह १९९० साली राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदपटावर गेले. जॉर्जियातील मॅरिएटा येथे १९६३ साली उभारलेली छप्पन फुटी लोखंडी कोंबडी १९९३ च्या वादळात मोडली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा उभारायला लावली. कारण त्या गावात रस्ता सांगायचा तो 'कोंबडीपाशी वळा' असाच! डाउनीतीलच टाको बेलचे १९६२ सालचे पहिले दुकान पाडले जाणार होते, तर २०१५ साली ते उचलून रात्रीच्या वेळी वाहनावर चढवून अर्व्हाइनला नेले गेले. मात्र नारिंगी छपरांना ते भाग्य लाभले नाही. हजाराच्या घरात गेलेल्या त्या उपाहारगृहांपैकी शेवटचे २०२२ साली बंद झाले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ही माणसे नेमके काय शोधत असतात? पदार्थ तर आजही कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. वडिलांच्या गाडीतील मागचे आसन, आईने पुसलेले तोंड, सुट्टीचा तो लांबलचक रस्ता, हे त्यांना हवे असते. ज्यांच्या गावात शेकडो वर्षांचे देऊळ नाही, घाट नाही, वेशीवरचा मारुती नाही, त्यांच्या बालपणाला टेकायला एवढीच भिंत मिळाली. ती भिंत विकण्यासाठी बांधली होती, हे खरे; पण तिच्याशी जडलेली माया खोटी नाही. चंगळवादावर टीका जरूर करावी, पण त्या मायेची टिंगल करू नये.

आपल्या दारात

योगायोग असा की, डिसेंबर १९९६ मध्ये डाउनीचे दुकान पुन्हा उघडले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ही कंपनी दिल्ली आणि मुंबईत आली. तिकडे लोक एका विशिष्ट गावातील विशिष्ट इमारत वाचवत होते. इकडे आला तो कोठेही ठोकता येणारा शिक्का. गोमांस आणि डुकराचे मांस वगळूनच तिला येथे यावे लागले, हे येथील समाजाच्या श्रद्धेचे बळ. अमेरिकेतील बटाट्याच्या कापांत गोमांसाचा अर्क असल्याचे उघड झाले, तेव्हा २००१ साली तेथील हिंदू आणि शाकाहारी मंडळींनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि २००२ साली कंपनीने क्षमा मागून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतातील पदार्थांत तसे काही नाही, असा खुलासाही तिला करावा लागला. ग्राहक जागा असेल तर मोठी कंपनीही ऐकते, हा त्यातील बोध.

पण दुसरा बोध अधिक बोचरा आहे. आपला वडापाव हाही झटपट खाद्यच. तो १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर प्रथम मिळाला, असे सांगतात. त्याला ना कमान, ना विदूषक. त्या गाड्यांची, गिरणगावातील खाणावळींची, त्या चालवणाऱ्या माउल्यांची, एसटी स्थानकावरील उपाहारगृहांची, लाकडी बाके आणि संगमरवरी मेजांच्या हॉटेलांची किती छायाचित्रे, किती नोंदी आपण ठेवल्या? तिकडे सत्तर वर्षांच्या दुकानाला वारसा म्हणतात. इकडे दोनशे वर्षांचा वाडा रातोरात पाडून तेथे बहुमजली इमारत उभी राहते आणि फलकावर पुन्हा 'वाडा' हेच नाव लावले जाते! पूर्वजांनी इतके मागे ठेवले की आपण त्याबाबत निष्काळजी झालो.

ज्या कंपनीने मॅक्डोनाल्ड बंधूंचे नाव घेतले, तिने डाउनीचे दुकान आपणहून जपले नाही. गावाने जपायला लावले. सॅन बर्नार्डिनो येथील मूळ जागीही कंपनीने काही उभारले नाही. तेथील छोटेखानी संग्रहालय आहे ते एका वेगळ्याच साखळीच्या मालकाने स्वतःच्या हौसेने केलेले. डे प्लेन्स येथे कंपनीने आपल्या पहिल्या दुकानाची प्रतिकृती संग्रहालय म्हणून उभी केली होती. तीही पुढे पाडण्यात आली. बाजार स्मृती निर्माण करू शकतो, विकू शकतो, पण सांभाळण्याचा भार उचलत नाही. तो भार समाजालाच उचलावा लागतो.

म्हणून प्रत्येक गावातील चार मंडळींनी एका रविवारी एवढे तरी करावे. आपल्या गावातील सर्वांत जुनी खाणावळ, जुने उपाहारगृह, जुना पार कोणता ते शोधावे. तेथील वृद्धांना बोलते करावे, नावे आणि साल लिहून घ्यावे, छायाचित्र काढावे आणि गावच्या वाचनालयात ठेवावे. त्यासाठी शासनाची वाट पाहावी लागत नाही. डाउनीच्या गावकऱ्यांनी एका हॅम्बर्गरच्या दुकानासाठी एवढा आटापिटा केला. आपल्याकडे जपण्यासारखे त्याहून कितीतरी अधिक आहे आणि ते रोज थोडे थोडे पडते आहे.