पहिल्या पावसानंतरची शाळेची बाग



मृग नक्षत्र लागते आणि विदर्भ वगळता राज्यातील बहुतेक शाळा लवकरच, जूनच्या मध्यास उघडतात. सुटीभर ओसाड पडलेली शाळेची बाग एका जोराच्या पावसाने जागी होते. निसर्ग-निरीक्षणास इतकी अनुकूल वेळ वर्षातून क्वचितच येते. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या दिवसांत मुलांच्या हाती भिंगाऐवजी दगड दिसतो. ही स्थिती पालटणे शिक्षकाच्या हाती आहे.

आरंभ मृगाच्या किड्यापासून करावा. लाल मखमलीसारखा हा जीव ओल्या मातीवर संथपणे फिरत असतो. मुलांस त्याचे पाय मोजावयास सांगावे. ते आठ भरतात. कीटकास सहाच पाय असतात. अर्थात ज्यास सर्व जण किडा म्हणतात तो कीटक नसून कोळ्याचा व विंचवाचा आप्त होय. मुलाने स्वतः मोजून ठरविलेली गोष्ट त्याच्या चित्तात कायम राहते. पुढे गांडूळ पाहावे. ते ओलसर त्वचेतून श्वसन करते. त्वचा सुकली की ते मरते. म्हणून पाहणे होताच त्यास सावलीतील ओल्या मातीत सोडावे.

डबक्यात डरांव डरांव करणारे पिवळेधमक मोठे बेडूक हे नर होत. विणीच्या काळापुरताच त्यांना तो रंग चढतो. बेडूक पिकांवरील किडे खातो. त्याच्या पायांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली, हे मुलांस अवश्य सांगावे. डबक्यातील बेडूकमासे राखावेत. फुटक्या मडक्यांत व जुन्या टायरांत साचलेले पाणी मात्र राखू नये. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. यास्तव आठवड्यातून एकदा अशी भांडी मुलांकडून पालथी करवावीत.

आता सर्वांत जबाबदारीची बाब. बिळांत पाणी शिरले की साप बाहेर पडतात, आणि बेडूक-उंदरांच्या मागावर बागेतही येतात. धामण बिनविषारी व शेतकऱ्यास उपकारक आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे विषारी आहेत. तथापि ओळख पटविण्यासाठी कोणत्याही सापाजवळ जाऊ नये आणि त्यास मारूही नये. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू पावसाळ्यातले होत. म्हणून वर्ग बागेत नेण्यापूर्वी शिक्षकाने काठी आपटीत एक फेरी घालावी. अनवाणी मुलास गवतात जाऊ देऊ नये. विटांच्या ढिगात अगर बिळात कोणी हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये व मांत्रिकाची वाट पाहू नये. मुलास धीर द्यावा, दंशाचा अवयव हलू देऊ नये, आणि जेथे प्रतिविष मिळते अशा जवळच्या सरकारी दवाखान्यात त्यास विनाविलंब न्यावे. त्या दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर आधीच लिहिलेला असावा.

शेवटी प्रत्येक मुलाने वहीत तीन रकाने आखावेत : दिनांक, काय पाहिले, ते काय करीत होते. वही शुद्धलेखनासाठी तपासू नये, खरेपणासाठी तपासावी. गतवर्षी बेडकास दगड मारणारे मूल यंदा त्याच्यापाशी निमूटपणे बसून लिहू लागले, तर बागेचा तास सार्थकी लागला असे समजावे.