कपाटाची किल्ली

(जालना जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत वाचन प्रेरणा दिनी शिक्षक, पालक आणि तरुणांसमोर केलेले भाषण)



आज १५ ऑक्टोबर. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. रामेश्वरममध्ये लहानपणी वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलाची गोष्ट आधीच्या वक्त्यांनी सांगितली. ‘इक्रा’ म्हणजे वाच, हेही सांगून झालं. आता मी पुस्तकांच्या कपाटाबद्दल बोलतो.

मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. कुलूपबंद. पुस्तकांना खाकी कव्हर, त्यामुळे नावही दिसायचं नाही. तपासणी आली की पुस्तकं मोजायची, धूळ झटकायची, परत कुलूप. पुस्तक हरवलं तर पगारातून कापतील, ही भीती प्रत्येकाला. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं त्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे. आमच्याकडे कागदावर ते होतंच. दुसऱ्या कुणाला कशाला दोष देऊ, सहा वर्षं मीही ते कपाट उघडलं नाही.

आठवीतल्या एका मुलीने एकदा विचारलं, “सर, ही पुस्तकं कुणाची आहेत?” मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी किल्ली मागून घेतली आणि वर्गात खिळ्याला टांगली.

नियम एवढाच केला: पुस्तक न्यायचं आणि वहीत आपल्या हाताने नाव लिहायचं. सारांश लिहून आणायचा नाही, ‘यातून काय शिकलात’ हा प्रश्न मी विचारणार नाही. ‘बनगरवाडी’ होतं, ‘एक होता कार्व्हर’ होतं, ‘फास्टर फेणे’ होता, ‘किशोर’चे जुने अंक होते. सगळ्यांत जास्त फाटले ते ‘किशोर’चे अंक. आमच्याकडे त्याची तक्रार झाली. मला मात्र बरं वाटलं.

वर्षाअखेरीस सात पुस्तकं कमी भरली. जूनमध्ये त्यातली चार परत आली. मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती, पुस्तकंही गेली होती. एका पुस्तकात उसाचं पाचट निघालं. तो मुलगा म्हणाला, “सर, कोपीत रात्री आईला वाचून दाखवायचो.” उरलेल्या तीन पुस्तकांचे पैसे मी भरले. फार नव्हते. ज्या भीतीपायी कपाट इतकी वर्षं बंद ठेवलं, तिची एकूण किंमत तेवढीच निघाली.

पण सगळीच मुलं पुस्तक नेत नव्हती. मागच्या बाकांवरची काही मुलं कपाटाकडे फिरकायचीच नाहीत. एकाला जवळ बसवून धडा वाचायला लावला, तेव्हा कळलं की आठवीत येऊनही त्याला जोडाक्षर वाचता येत नाही. घरी दखनी, चौथीपर्यंत उर्दू शाळा, मग एकदम मराठी. लिपीची दिशासुद्धा उलटी झाली. त्याने हे चार वर्षं लपवलं होतं, आणि आम्ही त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे झालो होतो.

मग एक खेळ सुरू केला. घरात आणि वर्गात, दोन्हीकडे चालणारे शब्द शोधायचे. हजेरी, गैरहजर, दप्तर, कागद, शाई, हुशार, सही, जमीन, वकील, साहेब, बाजार. फळा भरला. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द त्या मुलाला घरून येत होते; आता ते फक्त देवनागरीत ओळखायचे होते. ‘हमना नक्को’ म्हणणाऱ्या मुलाला मराठीतला ‘नको’ शिकवावा लागतो का? रोज पहिली दहा मिनिटं मी मोठ्याने वाचायचो, मुलं पानावर बोट फिरवत बरोबर यायची. दिवाळीपर्यंत तो मुलगा एसटीवरच्या पाट्या वाचायला लागला, पुढच्या उन्हाळ्यात ‘किशोर’. कुणी त्याची चूक काढून हसलं तर त्याला त्या दिवशी पुस्तक मिळायचं नाही, हा आमच्या वर्गातला एकमेव दंड होता.

तरुण मुलं मला विचारतात, मराठी आपली कशी? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. अमर शेखांची शाहिरी मराठीत, हमीद दलवाईंची ‘इंधन’ मराठीत. आणखी काय पुरावा द्यायचा?

पण उर्दू सोडा, असंही मी म्हणत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमातून. माझे आजोबा उर्दू वाचायचे. त्यांचे जमिनीचे कागद माझ्या पेटीत आहेत आणि मला ते वाचता येत नाहीत. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो, त्याला माझी मराठी पत्रं जड जातात. आमच्या घरात प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या कागदापुढे अडाणी.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, आपल्या जिल्ह्याची सुमारे ७१. जिल्ह्यातल्या बायकांची जेमतेम ६१. आणि ‘साक्षर’मध्ये सही करता येणारी पण पुस्तक न उघडणारी माणसंही आलीच.

मघाशी सांगितलेली, कपाटाबद्दल विचारणारी मुलगी दोन वर्षांत अख्खं कपाट वाचून गेली. दहावीनंतर लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. तिचा निकाहनामा. उर्दूत. तिला वाचता येईना, मलाही येईना. आम्ही एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो, त्यांनी तो वाचून दाखवला. आपल्या मेहरची नेमकी रक्कम तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. बाहेर पडताना ती म्हणाली, “सर, दहावीनंतर मला पुस्तकच मिळालं नाही. शाळा सुटली तशी किल्लीही सुटली.”

हे वाक्य मला सोडत नाही. शाळेतलं कपाट उघडून भागत नाही. मुलगी शाळेबाहेर पडते तिथे, तिच्या मोहल्ल्यात पुस्तक हवं. आपल्या शेजारी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०२१ मध्ये एका शाळकरी मुलीने आपल्या मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय सुरू केलं आणि पाहता पाहता शहरातल्या इतर मोहल्ल्यांतही तशी वाचनालयं उभी राहिली. तिथून जालना साठ-पासष्ट किलोमीटर. तिकडून आपण मोसंबीला भाव आणतो, ही कल्पनाही आणता येईल.

तोवर एक काम आजच होण्यासारखं आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदत्वाचे अर्ज मी आणले आहेत, मागच्या टेबलावर ठेवले आहेत. दहावीतल्या मुलींचे आधी भरू या. अर्जावर नाव वडिलांचं किंवा भावाचं नको, तिचंच. अनामत रक्कम थोडी आहे. ज्यांना जमणार नाही त्यांची आम्ही चार-पाच निवृत्त शिक्षक भरतोय. फोटो नसेल तर उद्या आणून द्या, पण नाव आज लिहून जा. पेन मी देतो.