तरुणपणी बसविलेल्या कृत्रिम खुब्याचे आयुष्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात किनवट येथे दिलेले व्याख्यान)



खुब्याचा सांधा बदलणे हा वृद्धांचा विषय, अशी आपली समजूत आहे. परंतु सांप्रत तिशी-चाळिशीच्या मुलांवरही ही शस्त्रक्रिया करावी लागते. मांडीच्या हाडाच्या डोक्यास रक्त मिळेनासे झाले म्हणजे ते हाड मृत होऊन खचते. अतिरिक्त मद्यपान, स्टेरॉइड औषधे आणि आपल्या भागातील आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार, ही त्याची काही कारणे होत. कोरोनाच्या साथीनंतर २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली; तिघेही चाळिशीच्या आतले होते.

शस्त्रक्रियेने वेदना जाते व मनुष्य पुन्हा कामास लागतो, हे निर्विवाद. तथापि सत्तरीच्या आजोबांस जो सांधा बहुधा जन्मभर पुरतो, तो पस्तिशीच्या मुलास पुरेलच असे नाही. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे शंभरांपैकी सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. म्हणजे पस्तिशीत बसविलेला सांधा साठीत पुन्हा बदलावा लागण्याचा संभव मोठा.

असे का होते? इंग्लंडातील शल्यविशारद जॉन चार्नली ह्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती थोड्याच वर्षांत झिजली. १९६२ साली त्यांनी पॉलिथिलिनची वाटी घेतली आणि ही शस्त्रक्रिया रूढ झाली. पण झीज थांबली नाही. झिजलेले सूक्ष्म कण नष्ट करू पाहताना शरीर भोवतालचे हाडच खाऊ लागते व सांधा सैल होतो. तरुण मनुष्य अधिक चालतो, ओझी उचलतो, त्यामुळे झीजही अधिक. अलीकडच्या कठीण केलेल्या प्लॅस्टिकने ती पुष्कळ घटली आहे. दुसरी शस्त्रक्रिया मात्र पहिलीपेक्षा अवघड, कारण हाड कमी उरलेले असते. तिचा खर्च मुलांच्या शिक्षणाच्या किंवा लग्नाच्या वेळी उभा राहतो. म्हणून सोयरीक ठरविताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

'तरुणांसाठी विशेष टिकाऊ' ह्या शब्दांनी भुलू नये. धातूवर धातू फिरणारे सांधे असेच सांगून खपविले गेले. त्यांपैकी जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर खुबा फार लवकर निकामी होऊ लागला; रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट व क्रोमियम उतरले. २०१० साली कंपनीने तो जगभरातून परत घेतला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. पुढे केंद्र सरकारने समिती नेमली व भरपाईचे सूत्रही ठरले. पण हजारो रुग्णांचा मागच लागला नाही. आपल्या शरीरात कोणता सांधा आहे, हे कित्येकांस ठाऊकही नसेल.

ह्यास्तव एक कागद जमिनीच्या खरेदीखताइतका जपावा. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या वेष्टनावर कंपनी, नमुना व बॅच क्रमांक छापलेली चिठ्ठी असते. ती डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागावी. नांदेड असो वा हैदराबाद, हे मागताना संकोच नको.

आणि दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नये. हाड पुष्कळदा वेदनेवाचून झिजते. डॉक्टर सांगतील त्या मुदतीने क्ष-किरण चित्र काढावे व जाताना जुनी चित्रे बरोबर न्यावीत, कारण सांधा किंचित सरकला आहे काय, हे ती शेजारी ठेवूनच कळते.