लोखंडाचा भाव आणि हाताचे मोल



पत्रिकेवर आमच्या नावापुढे 'जपानी गोल्फच्या काठ्या' असा विषय वाचून आपल्यांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीत केस पिकवलेल्या माणसाने श्रीमंतांच्या खेळाची उठाठेव कशाला करावी, असे कुणी म्हटलेही असेल. आम्ही हा खेळ कधी खेळलो नाही. उभ्या जन्मात ती काठी दोनदाच हातात धरली. परंतु ती काठी लोखंडाची आहे, आणि लोखंडाविषयी बोलण्याचा अधिकार कळंबोलीकरांना नसेल तर कुणाला असणार?

आपला लोखंड बाजार आपण रोज पाहतो. मुंबईच्या कर्नाक बंदराकडचा लोखंडाचा व्यापार शहराबाहेर न्यावा म्हणून सिडकोने हा बाजार वसवला. सळई, पत्रा, अँगल, चॅनल, जे म्हणाल ते इथे टनावारी उतरते. इथे लोखंडाला एकच प्रश्न विचारला जातो : वजन किती? काट्यावर गाडी चढली, आकडा पडला, की भाव ठरला. ते उतरवणाऱ्या माथाड्याचाही भाव वजनावरच ठरतो. त्याला आपण वाराई म्हणतो. १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याला फळ आले आणि खांद्यावरच्या ओझ्याला निदान हिशेब मिळाला. ती गोष्ट लहान नव्हे. तरी हिशेब वजनाचाच राहिला.

आता काठीकडे येऊ. आमच्या एका कार्यकर्त्याचा मुलगा खारघरला सिडकोच्या गोल्फ मैदानावर खेळाडूंच्या पिशव्या वाहण्याच्या कामाला जात असे. एके दिवशी तो घरी आला तोच प्रश्न घेऊन. म्हणाला, "भाऊ, आज ज्यांची पिशवी उचलली त्यांच्या काठ्या जपानी होत्या. एकेक काठी वीस-पंचवीस हजारांची. आणि आहे काय, तर पुढे लोखंडाचा एक तुकडा! आपल्या बाजारात हे लोखंड काय भावाने मिळेल?"

आम्ही हसलो, परंतु रात्री कागद घेऊन बसलो. सात नंबरच्या काठीचे लोखंडी डोके साधारण पावणेतीनशे ग्रॅमच्या आत असते. २७० ग्रॅम धरू. किलोला साठ रुपये धरले तर त्यातले लोखंड सोळा रुपयांचे. घडताना कडेला निघणारे आणि घासताना जाणारे लोखंड धरून दुप्पट माल लागला असे मानू, बत्तीस रुपये. त्यांचे पोलाद अधिक शुद्ध, म्हणून भावही दुप्पट करू. चौसष्ट. दांडा आणि मूठ यांचे काही हजार बाजूला ठेवले तरी चौसष्ट रुपये आणि उरलेली रक्कम यांमध्ये जी दरी पडते, तिच्यात नेमके आहे काय? मुलाला उत्तर देण्यासाठी आम्ही वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो, आणि त्यातून आजचे भाषण झाले.

पहिली गोष्ट समजली ती अशी की हे पोलाद मुळीच दुर्मिळ नाही. आम्हांला वाटत होते, सामुराईंच्या तलवारीचे काही गुपित पोलाद असेल. तसे काही नाही. उत्तम जपानी काठ्यांसाठी जे पोलाद वापरतात त्यात कार्बन शेकडा ०.२० ते ०.२५ एवढाच असतो. ते मऊ पोलाद होय. घरबांधणीच्या सळईतले कार्बनचे प्रमाणही याच शेजारचे आहे. सुताराच्या कानशीत शेकडा एकाहून अधिक कार्बन असतो. म्हणजे आपल्या कपाटातली कानस त्या काठीपेक्षा कितीतरी कडक. फरक आहे तो गंधक आणि स्फुरद यांसारखी घाण कमी असण्याचा आणि प्रत्येक गज सारखा असण्याचा. तो फरक खरा आहे, परंतु पंचवीस हजारांचा नाही.

मग घडण पाहू. गोल गजाचा तुकडा कापतात. तो बाराशे अंश सेल्सिअसच्या सुमारास तापवतात. लोखंड नारिंगी-पिवळे झाले की त्याला ओबडधोबड आकार देऊन डायमध्ये ठेवतात आणि वरून हॅमर पडतो. कडेने जी पापडी बाहेर येते ती छाटतात. पुन्हा तापवतात, पुन्हा ठोकतात. मिउरा नावाच्या प्रसिद्ध कारखान्यात हे तीन टप्प्यांत चालते, आणि दांडा बसायची नळी वेगळी घडवून फिरत्या घर्षणाने डोक्याला जोडतात. ठोकल्याने काय होते? लाकडाला जसा रेषा असतो तसा लोखंडालाही असतो. ओतीव लोखंडात तो जागच्या जागी थिजतो. घडीव लोखंडात तो आकाराच्या वळणाबरोबर वळतो आणि आतली पोकळ छिद्रे दबून बुजतात. ज्याने कधी ऐरणीजवळ उभे राहून भाता ओढला आहे त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुण्याला मुंढव्याचा भारत फोर्ज हा कारखाना १९६१ साली निघाला. मोटारींचे क्रँकशाफ्ट घडवण्यात त्याचे नाव जगभर झाले. तिथेही शास्त्र हेच. तेव्हा डाय आणि हॅमर ही काही जपानची मिरास नव्हे.

खरी गोष्ट पुढे आहे. हॅमरखालून निघालेले डोके काठीसारखे दिसते, पण काठी नसते. ते काहीसे जाड ठेवलेले असते. ते घेऊन कारागीर फिरत्या दगडापुढे बसतो आणि नुसत्या हातांनी घासून त्याला रूप देतो. टाचेकडून किती, टोकाकडून किती, तळाची गोलाई किती, वरची कड किती पातळ. आणि हे करताना वजन एक-दोन ग्रॅमच्या आत बसले पाहिजे. संचातले प्रत्येक डोके आधीच्यापेक्षा सुमारे सात ग्रॅमने जड हवे, आणि तरी ओळीने मांडले असता एकाच कुटुंबातली भावंडे वाटली पाहिजेत. एका बाजूने अर्धा ग्रॅम जास्त गेला तर तो परत चिकटवता येत नाही. हिमेजीचे कात्सुहिरो मिउरा १९५७ साली या कामाला लागले आणि त्याच दगडापुढे त्यांची हयात गेली. मुलगे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. वीस रुपयांच्या लोखंडावर वीस वर्षांचा हात बसतो, तेव्हा ती काठी होते.

इथे श्रोत्यांतील जाणकार हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. चेंडूला काय कळते, लोखंड घडीव की ओतीव? खरे आहे. चेंडू किती दूर जाईल हे डोक्याचा आकार, कोन आणि वजनाची मांडणी यांवर ठरते. मेणाच्या साच्यातून ओतलेल्या स्टेनलेसच्या काठ्या (आपले पंचधातूच्या मूर्ती ओतणारे जे करतात तीच ही विद्या) १९६० नंतर अमेरिकेत पुढे आल्या आणि त्यांनी मोठमोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या. नवशिक्याला तर त्याच अधिक सोयीच्या. घडीव काठीचा 'मऊ स्पर्श' म्हणून जे वर्णन करतात त्यातला बराच भाग कानाचा असतो. आवाज वेगळा येतो म्हणून हाताला वेगळे वाटते. तेव्हा पंचवीस हजारांत थोडी हौस आहे आणि पुष्कळसा मिरवण्याचा भाग आहे, हे आम्ही कबूल करतो.

परंतु एक गुण असा आहे की ज्याला आम्ही मनापासून मान देतो. मऊ घडीव काठीची मान वाकवता येते. खेळणारा उंच असो, ठेंगणा असो, त्याच्या उभे राहण्याप्रमाणे कारागीर ती शिकंज्यात धरून एक-दोन अंश वळवून देतो. कडक ओतीव काठी तशी वाकवू गेले तर तुटण्याचे भय. म्हणजे ही वस्तू माणसाच्या मापाला येते आणि बिघडली तर दुरुस्त होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे : मऊ असल्यामुळे वापराने तिचा कोन हळूहळू ढळतो, आणि निकेल-क्रोमचा मुलामा नसेल तर ती गंजते. तिला मालकाची निगा लागते.

हे जपानलाच का जमले? १८७६ साली तिथल्या सरकारने कमरेला तलवार लावून फिरण्यास बंदी केली आणि हत्यारे घडवणाऱ्यांचा धंदा बसला. हिमेजीतले मिओचिन हे चिलखते करणारे घराणे निखारे धरण्याचे चिमटे घडवू लागले. इतर लोहार विळे, चाकू, सुतारी हत्यारे यांकडे वळले. १९०३ मध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याने कोबेजवळच्या डोंगरावर जपानातले पहिले गोल्फ मैदान काढले. १९३० च्या सुमारास त्याच ह्योगो प्रांतात, इचिकावा गावाच्या परिसरात, देशी बनावटीची पहिली लोखंडी डोकी घडली. आजही ते गाव याच कामासाठी ओळखले जाते. तिथल्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या नावाने माल घडवला.

आता आपल्याकडे पाहा. गोल्फ आपल्याकडे कोलकात्यास १८२९ साली आला, मुंबईस १८४२ साली. जपानच्या कितीतरी आधी. लोहार आपल्याकडे नव्हते काय? इंग्रजांनी १८७८ चा शस्त्रकायदा केला, तेव्हा आपलीही हत्यारे घडवणारी घरे बसली. आपले हे पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना वृद्धांनी पाहिले असेल : धाव लाल करायची, चाकावर बसवायची, पाणी ओतायचे, आवळली की चाक एकजीव. किती तापली की किती आवळेल, हे कुठल्याही कोष्टकात लिहिलेले नव्हते. आणि गाडीवर संसार घालून फिरणारे घिसाडी! नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि बायको घण घालते. घणाच्या घावाला घाव जुळला पाहिजे, नाहीतर हात जायचा. एवढी विद्या रस्त्याच्या कडेला बसलेली असता तिच्यातून एकही काठी का निघाली नाही?

आमचे मत असे. गावगाड्यात लोहाराला बलुते मिळे. वर्षाकाठी पायलीच्या मापाने धान्य. विळा उत्तम झाला तरी तेच, साधारण झाला तरी तेच. चांगल्या कामाचे नाव होई, दर होत नसे. आणि ज्याच्या हातात विद्या होती त्याला पाटी-पेन्सिल मिळाली नाही, ज्याला मिळाली त्याने घणाला हात लावणे कमीपणाचे मानले. घिसाड्याला आपण भटक्या जमातींच्या यादीत घातले. कारागिरांच्या यादीत घालण्याचे कुणाला सुचले नाही.

जपानात सगळे गोड आहे असे मात्र समजू नये. दगडापुढे बसणाऱ्याच्या फुप्फुसात धूळ जाते, कंपनाने बोटे पांढरी पडतात. हे शरीराचे नियम तिथेही तेच आहेत. आणि मिउरा हे ज्या नावावर विकले जाते त्या नावाचा जागतिक धंदा आता अमेरिकन भांडवलदाराच्या हाती आहे. हात हिमेजीत, नाव अमेरिकेत. दुकानाच्या काचेत जी किंमत दिसते तिच्यातून दगडापर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न आमच्यासारख्याला सुटत नाही.

हे सर्व आम्ही इतक्या अधिकाराने बोलतो आहो खरे, परंतु आमच्या हातून काय झाले तेही सांगितले पाहिजे. नाहीतर व्याख्यान अर्धे राहील.

पुष्कळ वर्षांपूर्वी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात आमची युनियन होती. तिथे ग्राइंडिंगवर एक वयस्क कामगार होते, जातीने घिसाडी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. तुकडा हातात घेऊन त्यावर अंगठा फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे. मागाहून गेज लावले की तो तुकडा नापासच निघे. आयटीआयचा दाखला नव्हता, म्हणून कागदावर ते अर्धकुशल. करार करण्याच्या वेळी व्यवस्थापन म्हणाले, अशा दोन-तीन माणसांना खास श्रेणी देऊ. आम्ही साफ नकार दिला. मालकाच्या मर्जीने दोघांना वर काढले की उरलेल्या दोनशेंत फूट पडते, हा आमचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. सर्वांना सारखी वाढ घेऊन आम्ही सही केली, गुलाल उधळला. काका अर्धकुशलच राहिले. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त मुलाला या कामावर लावले नाही. तो पुढे रिक्षा चालवू लागला.

पुढच्या करारात आम्ही कलम घातले : दाखला नसला तरी प्रत्यक्ष कामाची परीक्षा घेऊन कुशल श्रेणी द्यावी. मर्जी नको, परीक्षा हवी, हे आम्हांला उशिरा सुचले. तोवर काकांना निवृत्त होऊन वर्ष झाले होते. गेटसभेला मात्र ते आले. कलम वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, चांगलं केलंत. पण परीक्षा घेणार कोण?"

आम्ही कागद पुन्हा काढून पाहिला. त्याविषयी त्यात काहीच लिहिलेले नव्हते.