हिरवळीखालची तार

मलिक अंबरानें सन १६१० मध्यें खडकी वसविली आणि पुढें डोंगरांतलें पाणी जमिनीखालून नहरीनें तेथील वस्तींत आणलें. त्याच खडकीचें आजचें नांव छत्रपति संभाजीनगर. पाणी जमिनीखालून नेण्याची विद्या ह्या शहराला अशी जुनी आहे. पाण्याबरोबर विजेची तार पुरण्याची मात्र नवी. घरापुढच्या हिरवळीवर पहाटे आपोआप तुषार उडावेत अशी हौस असणारे गृहस्थ नळ, तोट्या आणि टायमर चोखंदळपणें निवडतात, व तार मात्र वायरमनच्या पिशवींत उरलेली असेल ती पुरूं देतात. पुढें हिरवळ उकरण्याची पाळी येते ती बहुधा ह्या तारेपायींच.

टायमरपासून जमिनींतल्या सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत प्रवाह नेणें एवढेंच तिचें काम. प्रवाह आहे तोंवर झडप उघडी. तो थांबला कीं बंद. बाजारांत ह्या व्हॉल्व्हना २३० व्होल्टचीं वेटोळींही मिळतात आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च वांचतो म्हणून तीं सुचविणारेही भेटतात. जेथें ओल्या गवतांत मुलें अनवाणी धांवतात, तेथें ही काटकसर मनांतही आणूं नये. वेटोळें २४ व्होल्टचेंच घ्यावें. पंपाला २३० व्होल्ट लागणारच. पण त्याची तार चिलखती केबलची असावी, तिची नळी निराळी असावी, आणि मुळाशीं ३० मिलिअँपिअरचें आरसीसीबी बसवावें.

जाडीची चिंता लोक फार करतात, आणि ती बरीचशी निष्कारण असते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला सुमारें २५ ओहम. व्हॉल्व्ह ५० मीटर दूर असला तर जाऊन येऊन १०० मीटर तार झाली, म्हणजे २.५ ओहम. झडप उघडतांना सुमारें ०.४ अँपिअर प्रवाह घेते असें धरलें, तरी वाटेंत हरवतो एक व्होल्ट. चोविसांतला एक गेल्यानें कांहीं अडत नाहीं. मात्र सर्व व्हॉल्व्हांची परतीची तार समाईक असते. दोन झडपा एकदम उघडायच्या तर तिच्यांतून दुप्पट प्रवाह जातो. म्हणून मोठ्या आवारांत ती १.५ ची घ्यावी.

खरा प्रश्न आवरणाचा. भिंतींतल्या नळींत घालावयाची साधी पीव्हीसी वायर किंवा सणासुदीच्या दिव्यांची मुरडलेली जोडवायर ओल्या मातींत उघडी पुरण्यासाठीं केलेलीच नसते. जमिनीखालीं चालेल अशी, बाहेरून आणखी एक जाड वेष्टन असलेली, अनेक पदरांची केबल मागावी. चार व्हॉल्व्हांना पांच पदर लागतात. सात पदरांची घेतल्यास दोन राखीव राहतात. ह्या दोन पदरांचे पैसे वायां गेले असें वाटतें, तें पहिला पदर तुटेपर्यंतच.

आतां माती. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि मृगानंतर फुगते. तींत ताठ ओढून पुरलेली तार ह्या हालचालीनें ताणली जाते. ती नागमोडी टाकावी, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या पेटींत हातभर वेटाळून ठेवावी. मुरूम असेल तेथें खालींवर बारीक वाळू पसरावी, म्हणजे खड्यांनीं आवरण कापलें जाणार नाहीं.

जोड मातींत कधींही नको. तो पेटींतच हवा. दोन टोकें पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणें ही आपल्याकडील सर्वांत आवडती आणि सर्वांत वाईट रीत. पट्टींत पाणी शिरतें, तांबें हिरवें पडतें, आणि व्हॉल्व्ह निर्दोष असूनही उघडत नाहीं. ग्रीस भरलेल्या जलरोधक टोप्या महाग नसतात.

चर बुजविण्यापूर्वीं टायमरच्या बाजूनें, टोकें सुटीं असतांना, प्रत्येक पदर आणि समाईक तार यांमधील विरोध मीटरनें मोजावा. साधारणतः २० ते ६० ओहम दिसले तर वाट सलग आहे. अगणित दिसला तर कोठें तरी तार किंवा जोड तुटला आहे, आणि शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. हे आंकडे आणि तारेच्या वाटेचा नकाशा एका कागदावर लिहून टायमरच्या पेटींत ठेवावा, आणि मगच माती लोटावी.