खड्ग, मंत्र आणि फासा



पत्रिकेतील विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. फाशांच्या खेळातला एक कल्पित योद्धा कसा रचावा, यावर व्याख्यान ते काय द्यायचे? पण हा विषय बोलावयास वेरुळाइतकी योग्य जागा आम्हांस तरी दुसरी दिसत नाही. आपल्या चौदाव्या लेण्यात, ज्याला आपण रावण की खाई म्हणतो, शिवपार्वती सारीपाट खेळत बसली आहेत. एकविसाव्या रामेश्वर लेण्यात हीच जोडी याच खेळात रमलेली आहे, आणि एकोणतिसाव्या धुमार लेण्यातही. नवल असे की, या तिन्ही ठिकाणी आणखी एक शिल्प आहेच : कैलास उपटू पाहणारा रावण. म्हणजे फासा तेथेच आणि आमचा योद्धाही तेथेच.

आधी खेळ सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी आता असे करतो’ म्हणून बोलतात. जेथे यश येईल की नाही हे सांगता येत नाही, तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात. आपल्या कोकणातील दशावतारी नट संहिता नसताना संवाद उभे करतात, त्याच जातीची ही करामत. फरक इतकाच की येथे फाशाचा आकडा सर्वांना मानावा लागतो. प्रत्येक पात्राला एक पेशा असतो, त्याला ‘क्लास’ म्हणतात. छापील पेशांनी ज्यांचे समाधान होत नाही ते घरच्या घरी नवा रचतात. २०२३ च्या जानेवारीत पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम मुक्त परवान्याने खुले झाले, त्यामुळे असा पेशा रचून कोणी तो छापला तरी आडकाठी नाही.

या घरगुती पेशांत फार आवडता असतो तो तलवार चालवणारा आणि मंत्रही जाणणारा वीर. आणि वारंवार फसतो तोही हाच. रचणारा हौसेने योद्ध्याचे सगळे बळ घेतो, मांत्रिकाची सगळी विद्या घेतो आणि दोहोंची बेरीज करतो. मग मेजावर काय होते? शेजारी जो निव्वळ योद्धा घेऊन बसला आहे त्याला काम उरत नाही, मांत्रिकालाही नाही. तीन तास दुसऱ्याचा पराक्रम ऐकत बसायला कोणी घरून येत नाही. पुढच्या खेपेस दोन खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि खेळ मोडतो तो शत्रूमुळे नव्हे, एका पात्रामुळे.

मूळ खेळकर्त्यांनी हे ओळखले होते. १९७४ च्या नियमांत मांत्रिकाला चिलखत वर्ज्य आणि शस्त्र म्हणाल तर एक खंजीर. एल्फ नावाच्या जातीला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या. पण एका मोहिमेत योद्धा, तर दुसरीत मांत्रिक, मोहीम चालू असता पालट नाही. शिवाय योद्धा म्हणून चौथ्या पायरीवर आणि मांत्रिक म्हणून आठव्या पायरीवर त्याची वाढ खुंटे. किंमत घेतलीच होती.

आजच्या नियमांत चिलखताची बंदी सैल झाली, तरी किंमत दुसरीकडून वसूल होते. काही मंत्र मन एकाग्र ठेवून धरून ठेवावे लागतात. घाव बसला की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि निदान दहाचा आकडा गाठायचा. घाव मोठा असेल तर त्याच्या निम्मे. ज्याची शरीरप्रकृती दोनची भर घालते त्याला आठ किंवा अधिक पडले पाहिजेत. म्हणजे वीसांत तेरा वेळा, शेकडा ६५. हे बरे वाटते. पण एका फेरीत तीन घाव बसले तर तिन्ही वेळा तगण्याचा संभव शेकडा सत्तावीसावर येतो. मांत्रिक मागे उभा असतो, त्याला घाव थोडे. आमचा वीर मात्र गर्दीच्या मध्यभागी. म्हणून रचणाऱ्याला मोह होतो की या नियमातून त्याला सूट द्यावी. आमच्या मते सारा पेशा बिघडतो तो याच सुटीने. ज्याच्या तोंडी मंत्र आणि हाती खड्ग, त्याने कोठेतरी कचरलेच पाहिजे. न कचरणारा वीर खेळायला नीरस असतो.

मग किंमत कोणती घ्यावी? येथे आपल्या पुराणांनी नियम जवळजवळ लिहून ठेवले आहेत. कर्णाला ब्रह्मास्त्र येत होते. परशुरामाच्या शापाने ते ऐन वेळी आठवले नाही. या खेळातही मंत्र एकदा वापरला की स्मरणातून जातो अशी मूळची योजना होती, आणि ती गायगॅक्सने जॅक व्हान्स या कथाकाराकडून उचलली. कर्ण आणि व्हान्स यांची गाठ पडावी, हे आम्हांस मोठे गमतीचे वाटते. अश्वत्थाम्याची गोष्ट याहून उपयोगी. त्याला अस्त्र सोडता येत होते, आवरता येत नव्हते. अर्जुनाला दोन्ही येत होते. आणि रावण! कैलासाखाली चिरडला गेला, शिवाची स्तुती करून सुटला, वर चंद्रहास खड्गही मिळवले. पण अवमान केलास तर ते माझ्याकडे परत येईल, ही अट रामायणाच्या उत्तरकांडात शिवाने त्याच वेळी घातली आहे. शिल्पात पाहा, इतके हात असून एकही रिकामा दिसत नाही.

यावरून आम्ही जो पेशा रचला त्याला ‘अस्त्रधर’ म्हणतो. प्राणबळ योद्ध्याच्या दहा बाजूंच्या फाशाने नव्हे, तसेच मांत्रिकाच्या सहा बाजूंच्यानेही नव्हे, मधल्या आठाने. ढाल नाही, कारण मंत्राला एक हात मोकळा हवा. एकाग्रतेच्या नियमातून सूट नाही. त्याऐवजी तो मंत्र धरून ठेवीत नाही, शस्त्रात घालतो. पुढचा वार लागला तर मंत्र शत्रूवर उतरतो आणि पुढील विश्रांतीपर्यंत विसरला जातो. योद्धा त्याच्यापेक्षा अधिक वेळा मारील, मांत्रिकाकडे अधिक मंत्र असतील. पण एका घावापुरता तो दोघांच्याही पुढे. दोन्ही शेजाऱ्यांचे काम त्यामुळे शाबूत राहते.

वार चुकला तर काय, यावर आम्ही पुष्कळ खल केला. मंत्र नुसता वाया जावा, हा सोपा तोडगा. पण आम्ही अश्वत्थाम्याचा नियम घेतला. पहिल्या सहा पायऱ्यांपर्यंत अस्त्रधराला अस्त्र आवरता येत नाही. वार चुकला की सूत्रधार फासा टाकतो आणि दहा हातांच्या आत जो कोणी उभा असेल, त्यातील एकावर ते पडते; मित्र असो वा शत्रू. सातव्या पायरीवर तो आवरायला शिकतो, आणि आवरण्याबद्दल त्याची ती फेरी जाते.

तेव्हा अस्त्रधर हात वर करून मंत्र म्हणू लागला की मेजाभोवतीचे बाकीचे आपापली पात्रे चार पावले मागे घेतात, आणि क्वचित एखादा मुद्दाम जवळच उभा राहतो.